खुणा

घरात कुठेतरी पाणी मुरतंय, याची निवृत्त सुभेदारांना खात्रीच पटली होती. महिन्यापूर्वी बायको पाय घसरून पडली, तिचा हात मोडला आणि तेव्हापासून सगळ्यांचं वागणंच बदललं. एरवी मांजराच्या पावलांनी वावरणारी बायको आता प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून खोलीत शिरताना मुद्दाम खाकरायची. मुलगा जिन्यातूनच शीळ घालायचा. सुनेनं तर घरात फटफट वाजणाऱ्या चपला घालायला सुरुवात केली होती. अख्खी हयात सरहद्दीवर काढलेल्या माणसाला खाणाखुणा कळत नाहीत, असं वाटलं की काय यांना? आपल्या पाठीमागे नक्कीच काहीतरी शिजतंय.

त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली आणि शेवटी फटफट करत चहा घेऊन आलेल्या सुनेलाच दारात अडवलं.

"या खुणा कुणासाठी चालल्यात? खरं सांग."

सून गोरीमोरी झाली. "तुमच्यासाठीच, बाबा. मागून आपलंच माणूस येतंय, हे तुम्हाला आधी कळावं म्हणून."

"का? मला काय धाड भरलीय?"

तिनं स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्या दुपारी तुम्ही आरामखुर्चीत झोपला होतात. आई तुमच्या अंगावर पांघरूण घालायला आल्या होत्या. त्या पाय घसरून पडल्या नव्हत्या, बाबा."