परसातली खोली

"अगं आई, उद्या बांधतो तुझ्यासाठी परसात खोली! पण आमचं गाव परवानगी देतंय का?" वृद्धाश्रमात भेटायला आला की कर्ट दर वेळी हेच म्हणायचा, आणि डोरीन त्या मेल्या गावाला मनसोक्त शिव्या घालायची.

परसात दुसरं घर बांधणाऱ्याला यापुढे कुठलंही गाव अडवू शकणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियात येऊ घातलाय हे कळलं, तशी ती कर्टला न सांगता चाकाच्या खुर्चीतून थेट राजधानी सॅक्रामेंटोला त्या कायद्यावरच्या सुनावणीला गेली. तिथे भाषणं नसतात. रांगेने माइकपाशी जायचं आणि नाव, गाव, पाठिंबा की विरोध, एवढंच बोलायचं.

"डोरीन हॅलस्टेड, ओक मेडोज. पाठिंबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की सभागृह हसलं. "लेकाला कळू दे आता, म्हातारी काय चीज आहे," ती सोबतच्या नर्सला म्हणाली.

मग बाहेर ताटकळलेल्या विरोधकांना आत सोडलं.



"कर्ट हॅलस्टेड, ओक मेडोज. विरोध."