अवैध अर्जदार

"अवैध अर्जदार," गुरुदास कारकुनाने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, आणि पेडण्यातल्या आरोग्य कार्डाच्या खिडकीपुढची सगळी रांग म्हातारीकडे बघायला लागली.

चंद्रावती इब्रामपूरहून तिसऱ्यांदा आली होती. सोमवारी म्हापशाला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि कार्डाशिवाय तिथे कोणी हात लावणार नव्हतं. मागच्या दोन खेपांनंतर गावात बोलणं पसरलं होतं, की म्हातारी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर कार्ड काढायला जाते.

"अवैध म्हणजे काय रे पुता?" तिने विचारलं.

"तुज्यात कायतरी खोट आसा आजी. कॉम्प्युटर खोटां सांगना." गुरुदासने हात झटकले. डोकं वापरायचा पगार त्याला मिळत नव्हता, आणि फुकट वापरणाऱ्यातला तो नव्हता.

शेजारच्या खुर्चीत गौरेश बसला होता. हे सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीचं. ते किती झकास चालतं ते बघायला तो मुद्दाम आला होता आणि येताना गौरवीला घेऊन आला होता. पडद्यावरच्या सूचना लिहिण्याचं काम तिचं. 'अवैध अर्जदार'च्या जागी तिने मुळात लिहिलं होतं, 'अर्जावरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही. लग्नात नाव बदललं असल्यास लग्नाचा दाखला जोडा.' ते वाचून गौरेशने जांभई दिली होती. "इतलें कोण वाचता गो? दोन शब्दांत आटप." आटपलंही त्यानेच. नेमकं लिहायला अक्कल लागते, छाटायला नुसती कात्री पुरते.

गौरवी उठून खिडकीशी गेली. "आजी, माहेरचं नाव काय तुजां?"

"पार्वती. लग्नात घोवान तांदळात चंद्रावती लिवल्यान."

"लग्नाचो दाखलो आसा?"

म्हातारीने पिशवीतून प्लास्टिकात गुंडाळलेला कागद काढला. तिन्ही खेपांना तो पिशवीतच होता. मागितला कोणीच नव्हता.

दाखला जोडला आणि पाच मिनिटांत कार्ड छापून आलं.

"बघ, सिस्टीम बरोबरच होती," मोबाईलमधून डोकं वर न काढता गौरेश म्हणाला. गौरवीला त्याची किळस आली. थोडी स्वतःचीही आली, कारण त्या दोन शब्दांना तिने मुकाट्याने मान डोलावली होती.

चंद्रावतीने कार्ड पदराने पुसलं, पिशवीत ठेवलं, पण खिडकीपासून हलली नाही.

"आता काय ऱ्हवला?" गुरुदास खेकसला.

"मागच्या दोन खेपेक हय रांगेत 'अवैध' आयकलेली माणसां आज नाय," ती म्हणाली. "तेंका कोण सांगतलो?"