मास्तरीणबाई वळली का?

"आधी बाहेरूनच डोळे भरून बघून घ्या," कंडक्टर म्हणाला. "आत शिरलात की नुसते मोबाइल दिसतील. चला, पुढे सरका!"

निवृत्त होऊन जमाना झाला, तरी चार माणसं एकत्र दिसली की त्यांना पुढे सरकवायची त्याची खोड गेली नव्हती.

समोरचं मोबाइलचं दुकान म्हणजे एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या घड्याळजीचं दुकान. त्या काळी गल्लीत टीव्ही एकट्या अण्णांकडे. आठवड्यातून एकदा अख्खी गल्ली त्यांच्या खोलीत कोंबली जायची. दिवे मालवून, एकमेकांच्या पायांवर बसून, सगळ्यांनी घड्याळजी आणि मास्तरीणबाईचं जुळताना पाहिलं होतं. आता अण्णा कायमचे मुलीकडे, सातासमुद्रापार निघाले होते. त्याआधी मालिकेचं चित्रीकरण झालेल्या जागा एकदा बघून येऊ, म्हणून चौघे सकाळीच या शहरात येऊन थडकले होते.

"याच दारात ती पहिल्यांदा आली," टेलर म्हणाला. "निळा कोट. कॉलर जरा बसली नव्हती."

"टीव्ही काळा-पांढरा होता रे! निळा कुठून दिसला तुला?"

"शिंप्याला दिसतो. तू तिकिटं फाड."

दुकानाची पायरी, खिडकी, छत, सगळं अण्णा नव्या घरात पाऊल टाकल्यासारखं न्याहाळत होते. मग डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, त्यांनी घड्याळजीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "बाई, घड्याळ बरोबर आहे. उशीर तुम्हालाच झालाय." आवाजातला खोकलासुद्धा तोच.

"मानलं अण्णा!" कंडक्टरने टाळी दिली. "आम्हाला कोट आठवतात, तुम्हाला संवाद."

कंपाउंडर मागे उभा होता. हसणाऱ्यांत हसत होता, पण लक्ष पलीकडच्या रेल्वे पुलाकडे होतं.

त्याचं दुखणं असं, की शेवटचा भाग तेवढा त्याचा हुकला. तापाची साथ होती, दवाखान्यात रांग लागलेली, डॉक्टर सोडेनात. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या मुलीला विचारलं, "शेवटी मास्तरीणबाई पुलाच्या जिन्यावरून मागे वळली का गं?" ती म्हणाली, "वळली." आणि असं काही हसली, की पुढे वर्षभरात त्यांचं लग्न झालं. संसारात भांडण झालं की तो रुसून दाराशी जाऊन उभा राहायचा आणि ती आतून म्हणायची, "मास्तरीणबाईसुद्धा वळली होती हो!" मग तो वळायचा.

गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर एकदा टेलर सहज बोलून गेला, "छे, वळते कुठली? ताठ मानेनं निघून गेली." कंडक्टरनेही मान डोलावली. तेव्हापासून कंपाउंडरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ज्या एका शब्दावर संसार उभा राहिला, तोच खोटा निघाला तर? खातरजमा करायची तरी कुठे? टीव्हीवाल्यांनी त्या फिती पुसून त्यांवर केव्हाच शेतीचे कार्यक्रम भरले होते. राहता राहिले अण्णा. टीव्ही त्यांचा, म्हणजे शब्द त्यांचा. आणि अण्णा तर निघाले.

पूल तसाच होता. रुळांवरून जाणारा, लोखंडी, गंजलेला. जिन्याच्या तोंडाशी कंपाउंडरने एकदाचं विचारलं.

"वळली नाही," टेलर अण्णांच्या आधीच म्हणाला. "कोटाची मागची शिवण शेवटपर्यंत दिसत होती. वळली असती तर बटणं दिसली असती."

"नाहीच वळली," कंडक्टर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा रे. अण्णांना बोलू द्या."

अण्णांनी कंपाउंडरकडे पाहिलं. "तुला कोण म्हणालं वळली म्हणून?"

"ही म्हणायची."

पुलाखालून एक गाडी धडधडत गेली. तिचा आवाज विरेपर्यंत अण्णा कठड्याला धरून उभे राहिले.

"वळली," ते म्हणाले. "सगळ्यात वरच्या पायरीवर. बॅग खाली ठेवली, वळली आणि हसली. इतकंच."

"अहो अण्णा, पण शिवण..."

"तेवढ्यात तू डोळे पुसत असशील. तू पहिल्यापासून रडका."

कंडक्टर खो खो हसला. टेलरने जरा आठवून पाहिलं, आणि रडल्याचं त्याला खरंच आठवलं. "असेल बुवा," तो पुटपुटला. कंपाउंडरने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाला, "चहा माझ्याकडून. बिस्किटंसुद्धा."

"बिस्किटंसुद्धा? वळली रे वळली!" कंडक्टर ओरडला.

पुलाखालच्या हॉटेलात चौघे बसले. कंपाउंडर आज वर्षभरात पहिल्यांदा दुसरा कप मागवत होता. गल्ल्यामागे चौकटीत एक मोठा फोटो टांगलेला होता. चेहरा जवळून घेतलेला, हसरे डोळे, गालावर तीळ. अण्णा कप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"छान आहे हो चेहरा," ते म्हणाले. "मालकाची मुलगी का?"



"अण्णा, थट्टा करता काय?" टेलर म्हणाला. "ही आपली मास्तरीणबाई!"

"हो? अशी होती होय दिसायला!" अण्णा खुर्चीवरून उठून फोटोजवळ गेले आणि निवांत बघू लागले. "आवाज वरपर्यंत यायचा रे, पण चित्र कुठलं दिसायला? अँटेना सोडली की तुमचा पडदा पांढरा. दर आठवड्याला गच्चीवरून 'आलं का? आलं का?' म्हणून ओरडायचा तो कोण होता, असं वाटलं तुम्हाला?"