नसलेली वेणी

“सर, आमचा कॉर्नर चोरलात ना?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून गार्गीनं कॉलेजच्या फुटबॉल कोचना थेट विचारलं. आजची फायनल त्यांच्या पोरांनी कॉर्नर किकवरच जिंकली होती. पण कॉर्नर घेण्याआधी त्या टकल्या पोरानं नसलेली वेणी पाठीवर का उडवली? ती तर गार्गीची खूण! कॉलेजशेजारच्या तिच्या शाळेच्या मैदानावर तिनं वेणी उडवली, की मैत्रिणी गोलकडे सुटायच्या.

“चोरला की!” कोच हसले. “वीस वर्षं पोरं घडवतोय, असा कधी सुचला नाही. उद्यापासून तूच शिकव यांना.” त्यांनी गळ्यातली शिट्टी तिला दिली.

गार्गीला वाटलं, गोड बोलून कटवतायत की काय? खात्री करायला तिनं शिट्टी फुंकली. अख्खी टीम धावत येऊन रांगेत उभी राहिली.

घरात शिरतानाही तिनं ती फुंकली. “आई, बाबा, ठरलं! मी कोच होणार. मुलांच्या टीमची!”