मतदारसंघातलं मरण

चॅपलच्या दारात फिंटन टिअर्नींनी आपली देखभाल करणाऱ्या सुखदाच्या हातातून हात सोडवला, टाय सारखा केला आणि ते सरळ पहिल्या रांगेकडे निघाले. आधाराचा वॉकर दारातच राहिला.

“अगं, धर त्यांना!” वृद्धाश्रमाची व्हॅन घेऊन आलेला यतिन कुजबुजला.

“जाऊ दे. हे काम त्यांना येतं.”

टिअर्नी आयर्लंडमध्ये मजूर पक्षाचे खासदार होते. मतदारसंघात कुणीही गेलं, तरी खासदाराने अंत्यविधीला जायचंच, ही तिकडची रीत. गोदीतला हमाल असो की विरोधकाची आई, त्यांनी एकही चुकवला नव्हता. म्हातारपणी ते बायको नोरासह मुलीकडे ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आले, आणि हळूहळू सगळं विसरत गेले.

“आपले नगरसेवक दहाव्याला येतात, तसंच की,” यतिन म्हणाला.

“ते फोटोपुरते येतात रे.”

नोरा गेल्याचं सकाळी सुखदानेच त्यांना सांगितलं होतं. ते हमसून हमसून रडले. चहा येईपर्यंत विसरले. व्हॅनमध्ये चढताना तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तितकेच रडले. मुलगी रोशीन म्हणाली होती, “निरोप देताना तरी त्यांना कळू दे. आई त्यांचंच नाव घेत गेली.”

आता ते रोशीनपुढे उभे होते. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

“फार वाईट झालं, पोरी. कोण गेलं तुझं?”

रोशीनने सुखदाकडे पाहिलं.

“आई,” रोशीन म्हणाली.

“चांगली बाई होती. पेन्शनचं काही अडलं तर मला येऊन भेट.” त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. “तिचे यजमान आहेत?”

“आहेत.”

“त्यांच्याकडे लक्ष दे. मागे राहतो त्याचे हाल होतात.”

रांगेतल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन ते शवपेटीपाशी गेले, तिच्यावर क्षणभर तळवा टेकवला आणि बाहेर पडले. सुखदा मागोमाग धावली. तोवर ते व्हॅनमध्ये चढून पुढच्या सीटवर बसले होते, पट्टाही लावला होता.

“आत चला ना. प्रार्थना सुरू होतेय.”

“नको. पुढच्या गावी आणखी एक आहे,” ते म्हणाले. “नोरा आली की निघतोच. गाडी तीच चालवते.”