अजून तेरा फूट

"ज्या वीरानं सीमेवर सुरुंग काढले, त्याची लेक कशालाही भिणार नाही!" सभापती माइकवरून गरजले. त्या वेळी ते वीर, म्हणजे वैजूचे अप्पा, मंगल कार्यालयाच्या दारात गुडघ्यांवर बसून लाल गालिचा काठीनं टोचत होते.

युद्धात जोडीदाराचं एक पाऊल चुकलं आणि तो डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून अप्पांचं हे असंच. शाळेतसुद्धा वैजू त्यांच्या पावलावर पाऊल ठेवूनच जायची आणि सगळा वर्ग हसायचा. आज ती नवरी होऊन मागं खोळंबली होती.

"दाजी, मुहूर्त टळतोय," मामा कळवळला. "आणि गालिचा भाड्याचा आहे हो!"

"अजून तेरा फूट राहिलेत. वैजू, हलू नकोस."

वैजूनं मामाचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती न तपासलेल्या जमिनीवरून चालत गेली. अप्पांनी डोळे मिटून कान झाकले.

मंगलाष्टकं संपली. अप्पांनी दारातूनच टाकलेल्या अक्षता गालिच्यावर पडल्या. वैजूनं हार घालून वळून पाहिलं. "अप्पा, काही झालं नाही बघा. आता तरी या ना."

त्यांनी पाऊल उचललं, हवेत धरलं आणि माघारी ठेवलं. "माझं ताट इथंच पाठव. वाढप्याला म्हणावं, भिंतीकडेनं ये."