चुड्याची परीक्षा

कोल्हापुरात महाराजांचं नवं नाटकगृह उघडायला आठ दिवस उरले होते. बी.ए. होऊनही नाटक शिकायला नाटककंपनीत राहिलेल्या यज्ञेश्वरानं वर्षभर लुगडं, चाल, लाजणं घोटून घेतलं होतं. नायिकेचं काम मिळणार का, ते आज ठरणार. आणि परीक्षेला मालकांनी बोलावली बांगड्या भरणारी लालबी! तिनं हिरवा चुडा भरला. यज्ञेश्वर आरशात हात निरखू लागला. "नापास," मालक म्हणाले. "मावशी, चुकलं काय?" त्याला राहवेना. "बांगड्या भरल्या की बाई पयला मला नमस्कार करती की." हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं! "पुन्हा भरा," म्हणत तो भराभर बांगड्या काढू लागला. शेवटची बांगडी निघणार, तोच लालबीनं त्याचं मनगट गच्च धरलं. "एक तरी ऱ्हाऊ दे, पोरी! सवाशिणीनं हात रिकामा करू न्हाय!" मालक उठलेच. "पोरी कुणाला म्हणालीस, लालबी?"